हेवी लायसनचा हंगाम

दसरा मागे पडला की तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस कसा काय, असं बाहेरचा माणूस विचारतो. त्याचं काही चुकत नाही. इथून कापसाच्या गाड्या जातात, दोन्ही कुशींनी फुगलेल्या. रस्ता अरुंद आणि बाभूळ जातीचीच खाष्ट. जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून मूठभर ओरबाडून घेते. उन्हं कलली की ते पांढरे पुंजके काट्यांवर हलत राहतात आणि हवेत सरकी, धूळ आणि डिझेल यांचा एक मिसळलेला वास येतो. बरीच वर्षं त्या वासानं मला माहेर आठवायचं. आता गिअर आठवतो, आणि तळहात अजूनही घामेजतात.

कारण तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात मी ट्रक शिकले. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट, वजन विचारू नये. कार नाही, स्कूटी नाही, सहा चाकांचा, पुढे काच आणि मागे अख्खं शेत मावेल एवढा हौदा असलेला ट्रक.

गाडी घरचीच. आमचे हे सव्वीस वर्षं ट्रकवर होते, त्यातली अकरा ह्या स्वतःच्या गाडीवर. मग साखर डोळ्यांत उतरली. डॉक्टरांनी आधी पडदा, मग रक्तवाहिन्या असं बरंच काही समजावून सांगितलं, आणि शेवटी दोनच शब्द बोलले, "गाडी बंद." हे घरी आले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि जेवले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरामागे, लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसायचे. इंजिन चालू करायचे, दहा मिनिटं ऐकायचे, बंद करायचे, आणि घरी येऊन चहा मागायचे. हे दहा मिनिटांचं जाणं-येणं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन महिने पाहिलं.

ड्रायव्हर ठेवून पाहिले. पहिल्यानं गाडी परत आणली ती एका आरशाशिवाय. दुसऱ्यानं दोन्ही आरसे आणले, पण गाडी दोन दिवस उशिरा, आणि मधले दोन दिवस कुठं होता ते त्यालाही नीट सांगता येईना. तेव्हा यांनी गाडी विकायचं ठरवलं. अमरावतीचे एक पाव्हणे दिवाळीनंतर पाहायला येणार होते.

"मी शिकते," मी म्हटलं. हातात भाकर होती, समोर ठेचा होता. यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तू? ऑटोत बसली तं वळणावर डोये मिटते तू!"

हे खरं होतं. तेच तर वाईट होतं. मी ऑटोत डोळे मिटते, जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही आणि रस्ता ओलांडताना समोरून येणाऱ्या अनोळखी बाईचा हात धरते. कारचं लायसन होतं माझ्याकडे, भाच्याच्या आग्रहानं काढलेलं, पण त्याचा उपयोग बँकेत ओळख पटवण्यापुरता. फोटोतली बाई इतकी घाबरलेली की बँकेलाही ओळख पटायला वेळ लागायचा. नियमानं मात्र त्या लायसनला वर्ष कधीच उलटून गेलं होतं, आणि हेवीसाठी तेवढं पुरत होतं. नियम कधीकधी माणसापेक्षा आपल्यावर जास्त विश्वास ठेवतात.

"मले तुह्यासाठी भीती वाटते सुमन," हे नंतर म्हणाले. हसणं संपलं होतं. "रस्ता म्या पायला हाय. तू नाई पायला."

"मग दाखवा."

"मले दिसत नाई ना आता."

मी ताट उचललं. पण त्या रात्रीपुरतं गप्प बसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. सकाळी मी चौकशीला बाहेर पडले.

अकोल्यात दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि "काकू, शिकणार कोण हाय, पोरगा का जावई?" असं विचारलं. मग अमरावती. तिथं नणंद राहते, शोभाताई. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर बडनेऱ्याच्या रस्त्याला एक मैदान होतं, आणि त्या मैदानावर हबीबचाचा मोठ्या गाड्या शिकवायचे. पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. सगळी पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चश्मा हाय का?"

"वाचायचा."

"गाडीत पेपर नाई वाचायचा. उद्या ये."

मी तिच्याकडेच राहिले. शोभाताईची एकच अट. सोसायटीत कोणाला सांगायचं नाही. "लोकं काय म्हनतीन वहिनी? घरात माणूस असून बाई टरक चालोते?" तिनं परस्पर सांगून टाकलं की वहिनी शिवणक्लासला आल्या आहेत. झालं. रोज सकाळी मी डबा घेऊन शिवणक्लासला जायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत ग्रीस लावून परत यायची. समोरच्या बाईंनी आधी आठवडाभर माझ्या हातांकडे पाहिलं. मग एक दिवस कौतुकानं ब्लाऊजपीस आणून दिलं. "मापाचं जुनं आत ठेवलं हाय. घाई नाई." घाई नव्हती हे त्यांचे उपकार.

पहिला दिवस केबिनमध्ये चढण्यातच गेला. लांबून ट्रकची पायरी पायरीसारखी दिसते, जवळ गेलं की ती कमरेशी असते. मी उजवा पाय ठेवला, दांडी धरली, जोर लावला आणि गिरकी घेऊन दाराला पाठ टेकून लटकले. माझ्याबरोबर चार पोरं शिकायला होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती हसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी सभ्यपणानं तोंडं फिरवली. उस्ताद म्हणाले, "डावा पाय पहिले ठेव बाई. उजवा आपोआप आत जाते." डावा ठेवला आणि खरंच आत गेले. वरून मैदान दिसलं, पलीकडची तूर दिसली, रस्त्यावरची माणसं दिसली, सगळ्यांचे फक्त माथे. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाकडे मान वर करून पाहत नव्हते. हे मला आवडलं, असं मी कुणाला सांगितलं नाही. भीतीच्या गडबडीत ते सांगायला जागाही नव्हती.

भीती कुठे असते? माझी गुडघ्यात होती. क्लच दाबला की डावा गुडघा स्वतंत्रपणे नाचायचा. इंजिनाची थरथर आणि माझी थरथर यांत फरक एवढाच, की इंजिन बंद करता यायचं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी माझ्या हातात नीट चालायला लागली आणि तेच नडलं. पहिल्या गिअरमधली गाडी चालत चालत मैदानाच्या टोकाला आली. समोर रखवालदारानं चुलीसाठी रचलेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. ब्रेक मारायचा हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्यातलं जे जागं झालं ते माझ्यापेक्षा जुनं निघालं. लहानपणी तेल्हाऱ्यात मी बाबांच्या शेजारी बसून बैलगाडी हाकलेली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं, मागे रेलले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "हो! हो रे तांब्या, हो!"

गाडी कशाला ऐकते. ती कडकडत ढिगात घुसली आणि बंद पडली. उस्तादांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, तो त्यांनी मुद्दाम मारला नाही. काचेवर पऱ्हाटीच्या काड्या अडकल्या होत्या. मग उस्तादांनी गंभीरपणे विचारलं, "तांब्या कोण्या अंगाचा होता?"

"उजवीकडचा."

"अन डाव्या अंगाले?"

"कोसा."

"मंग एकट्या तांब्याले काहून सांगतलं? दोघाले सांगाव लागते."

पोरांनी त्या दिवसापासून गाडीचं नाव तांब्या ठेवलं. "काकू, तांब्याले पानी पाजलं का?" म्हणजे रेडिएटर पाहिला का. मीही उत्तर द्यायला लागले. हसण्यातून गुडघा जरा शांत झाला. मी चाकांवर लोखंडी पान्यानं ठोकून हवा ओळखायला शिकले. भरलेलं चाक ठण् म्हणतं, कमी हवेचं गप्पकन आवाज गिळतं. मडकं विकत घेताना आपण वाजवून पाहतो तसंच. बाजारात इतकी वर्षं मडकी वाजवली, हा अभ्यास होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग ती मुलगी.

बडनेऱ्याच्या रस्त्यावर मी डावीकडे वळत होते. आरसा पाहिला होता. देवाशपथ पाहिला होता. आरशात कुणी नव्हतं. एकदम उस्तादांनी त्यांचा ब्रेक असा मारला की माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. डाव्या चाकापासून हातभर अंतरावरून एक कॉलेजची मुलगी सायकलवर पुढे निघून गेली. पाठीला निळी बॅग, कानात गाणी. तिनं वळूनही पाहिलं नाही. आजही ती कुठेतरी असेल, शिकत असेल, कुणाशी तरी भांडत असेल, आणि तिला माहीत नसेल. मला माहीत आहे. हे सगळं हसत हसत सांगायची मला सवय आहे, पण ती निळी बॅग आली की मी थांबते.

मी गाडीतून उतरले, शोभाताईच्या घरी जाऊन कपड्यांची पिशवी भरली आणि तेल्हाऱ्याची बस पकडली. भावाच्या शेतात सीतादही आहे, असं कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं, फक्त कारण नव्हतं.

सीतादही म्हणजे कपाशीच्या पहिल्या वेचणीआधीची आमच्याकडची पूजा. शेतात सात दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग तो दहीभात कपाशीच्या ओळींमधून, तासातासांतून, शिंपडत जायचं. बायांनीच करायचं. त्याशिवाय बोंडाला कुणी हात लावत नाही. वहिनीनं माझ्या हातात वाटी दिली. नुकतीच फुटलेली कपाशी, ओल्या मातीचा वास, पायाला टोचणारी ढेकळं. शिंपडता शिंपडता मी सांगून टाकलं, की सोडलं मी ते ट्रकचं.

मला वाटलं होतं कुणीतरी हळहळेल. सगळ्यांचे चेहरे उजळले. भाऊ म्हणाला, "चाल, सुटलो." वहिनीनं मला जास्तीचं दही वाढलं. बांधावर बसलेले आमचे नामाकाका, वयानं सगळ्यांत मोठे, त्यांनी तर हातच जोडले. "लय चांगलं केलं वं माय. बायाच्या जातीचं काम नोहे थे."

माझी भीती मी त्यांच्यापुढे ठेवली होती आणि त्यांनी ती पेढ्यासारखी वाटून खाल्ली. मला एकदम राग आला. इतका, की हातातली वाटी तशीच राहिली.

"काका, सरकी कोणं टोबली?"

"बायाईनं. काहून?"

"निंदलं कोणं? आता वेचीन कोण? पह्यला दहीभात कोणाच्या हातचा लागते? वेचलेलं गठोडं डोक्शावर घेऊन रस्त्यापावतर कोण नेते? तठीपावतर बायाची जात चालते. मंग टरकाच्या दारापाशीच काहून आठोते?"

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. "अमरावतीले जाऊन तोंड मोठं झालं तुहं."

"तोंड आंधीचंच हाय. हात आता मोठे होऊन राहिले."

हे बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये मी बसले तेव्हा भीती माझ्या शेजारीच होती, खिडकीची जागाही तिनंच घेतलेली. लोक म्हणतात भीती गेली आणि मग मी केलं. माझी काही गेली नाही. तिच्यापेक्षा नामाकाकांचे जोडलेले हात मला जास्त सहन होईनात, एवढंच.

अमरावतीला पोचताच आधी मी समोरच्या बाईंचं दार वाजवलं आणि ब्लाऊजपीस परत दिलं. म्हटलं, "मले शिवता येत नाई. मी टरक शिकून राहिली." मागे शोभाताईनं कपाळाला हात लावला असणार. बाईंनी ब्लाऊजपीस घेतलं, मला नीट पाहिलं आणि विचारलं, "मंग बटनं तरी लावून देता का?"

मैदानावर उस्तादांना मी म्हटलं, "चाचा, ती पोरगी मले दिसली नाई. मी शंभर वर्षं शिकली तरी नाई दिसणार ती."

ते काही समजावत बसले नाहीत. मला सीटवर बसवलं, इंजिन बंद ठेवलं, आणि पोरांना गाडीभोवती फिरायला सांगितलं. "आरशात पाय. जो पोट्टा दिसनं बंद झाला, त्याले थांब म्हन." डाव्या दाराशी एक पोरगा चालता चालता नाहीसा झाला. थांब. नाकासमोर, बंपरपाशी दुसरा खाली गेला. थांब. मागे तर दोघं गडप, हातभर नाही, वीस-पंचवीस पावलं गडप. मग उस्तादांनी माझ्या हातात फक्कीचं घमेलं दिलं. मैदानावर रेषा मारायची ती चुन्याची भुकटी. "आता रेघ ओढ. जेवढं दिसत नाई तेवढ्याची."

मी खाली उतरले आणि गाडीभोवती रांगोळी काढली. खरंच सांगते, चिमटीतून फक्की सोडायला लागल्यावर हात आपोआप वळला. पोरं उभी होती तिथून तिथपर्यंत, डावीकडे मोठं पोट, पुढे लहान चंद्रकोर, मागे लांब शेपूट. दूर जाऊन पाहिलं. ट्रकाच्या अंगाला चिकटलेली एक पांढरी, वेडीवाकडी आकृती. इतके दिवस माझ्या पोटात जे सगळीकडे पसरलेलं होतं त्याला कडा आल्या. केवढं मोठं होतं ते! पण तेवढंच होतं. त्याच्या बाहेर मला सगळं दिसत होतं.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मी आधी ती रांगोळी काढायची, मग गाडी सुरू करायची. वळताना पुढे झुकून, मान फिरवून, त्या पांढऱ्या पोटात कुणी शिरलं तर नाही ना हे दोनदा बघायची. पोरं कंटाळायची. "काकू, तांब्या निंघते का दिवाळी करतं अठीच?" मी म्हणायची, घाई असंल तं पायी जा.

परीक्षा अकोल्यात झाली. हे बरोबर आले आणि झाडाखाली बसले. लांबून त्यांना मैदानावरचे खांब दिसत नव्हते, फक्त एक मोठा ठिपका पुढे जातो, मागे येतो एवढं दिसत होतं. आठचा आकडा झाला. मग उलटं मागे घेणं, दोन खांबांच्या मधोमध. मी उतरून आले तर यांनी निकाल माझ्याआधी सांगितला. "पास."

"तुमाले दिसलं?"

"खांब पडल्याचा आवाज नाई आला."

पण पास होणं आणि गाडी राहणं या दोन गोष्टी होत्या. हे लायसन हातात घेऊन उलटंसुलटं पाहायचे आणि फ्रिजवर किल्लीशेजारी ठेवून द्यायचे. पाव्हण्यांना 'येऊ नका' असा फोनही त्यांनी केला नाही. दिवाळी झाली आणि पाव्हणे आले. पांढरा सदरा, पायात नवा बूट, स्वभावानं चांगले. त्यांनी चाकं वाजवली, बोनेट उघडलं, हौद्याच्या फळ्या हलवून पाहिल्या, आणि म्हणाले, "एक चक्कर मारू."

यांनी फ्रिजवरून किल्ली आणली. हातात धरून एक क्षण उभे राहिले. मग माझ्यापुढे केली.

गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याला लागलो. हे मधे, पाव्हणे खिडकीशी. पाव्हण्यांनी दाराची दांडी घट्ट धरली होती, पण सभ्य माणूस, बोलले नाहीत. आणि समोरून ट्रॅक्टर आला, मागे कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली. ट्रॉलीला मागे सरकता येत नाही. डावीकडे नाला, उजवीकडे नाला. मागे पुलाजवळ रस्ता जरा रुंद होता, तिथवर आम्हालाच उलटं जायचं होतं.

यांचा हात सवयीनं पाव्हण्यांच्या अंगावरून दाराकडे गेला. दुसरा कुणी गाडी मागे घेत असेल तर उतरून इशारा करायचा, सव्वीस वर्षांची सवय. मग तो हात परत मांडीवर आला. पाव्हण्यांच्या ते लक्षात आलं असावं. ते स्वतःच खाली उतरले, नव्या बुटासकट धुळीत, आणि मागे जाऊन ओरडायला लागले, "येऊ द्या! येऊ द्या! जराशीक डावी दाबा!"

मी थोडं घेतलं आणि कचकन ब्रेक मारला. खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "पाव्हणे, तुमी मले दिसून नाई राहिले! आरशात या!"

ते धावत बाजूला आले. आरशात उभे राहिले. मी गाडी मागे नेली. हळू, मानेला रग लागेपर्यंत वळून, नाल्याची कडा चाकाखाली न येऊ देता, पुलापर्यंत. ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि काही न सुचून राम राम केला.

पाव्हणे घाम पुसत वर चढले. बूट झटकले. यांना म्हणाले, "भास्करराव, खरं सांगा. इकायची हाय का नाई गाडी?"

मी दिवाळीआधीपासून ह्या प्रश्नाचं उत्तर घोळवत होते. भाकऱ्या थापताना, केर काढताना, किती प्रकारे म्हणून ठेवलं होतं मी ते. पण यांनी समोरच्या काचेतून, जेवढं दिसत होतं तेवढ्या रस्त्याकडे पाहत म्हटलं, "नाई."

हे माझ्याकडे पाहून हसत होते, त्यांना वाटलं मला आनंद झाला. झालाच होता. पण त्याहून जास्त मला राग आला होता. एवढे दिवस मी शिकले, पडले, पळाले, परत आले, आणि शेवटी बोलले हे!

मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. यांच्या अंगावरून वाकून पाव्हण्यांकडे पाहिलं.

"पाव्हणे," मी म्हटलं, "आता मले इचारा."

त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे समोरच्या काचेबाहेर बघायला लागले. पाव्हण्यांनी रुमाल खिशात ठेवला, सदरा नीट केला, आणि खऱ्या गिऱ्हाइकासारखं, अदबीनं, पहिल्यापासून विचारलं, "ताई, गाडी इकायची हाय का?"

"नाई," मी म्हटलं.